एकविसाव्या पानावरचा शिक्का

शिवकन्याबाईंना एका जागी स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. दोन वर्षं त्या आमच्या अध्यापक विद्यालयात विद्यार्थिनी होत्या आणि मी तिथला कारकून. दाखल्याची साधी नक्कल न्यायला आल्या तरी माझ्या टेबलासमोर येरझारा घालायच्या. "बाई, टेका की जरा, कागद काई पळून न्हाई जात," असं मी म्हणायचो. त्या म्हणायच्या, "पळून गेल्ताच की एकदा, भाऊसाहेब. म्हणून तर इथं आले." मला तेव्हा त्यांचा राग यायचा. समोर माणूस असं फिरत राहिलं की माझ्या ओळी वाकड्या जातात.

आता त्यांचा कागद पळाला कसा, ते आधी सांगतो.

बाई अंतरवाली सराटीच्या. वडील सालगडी, आई चांगुणाबाई रोजानं निंदायला-वेचायला जाणारी. छप्पन साली घर बौद्ध झालं तेव्हा बाई दहा वर्षांच्या होत्या. वडिलांनी देव्हारा काढून टाकला, पाठच्या दोघांची नावं बदलली. हिचं मात्र तसंच राहिलं, कारण ही शाळेत होती आणि हेडमास्तर म्हणाले, रजिस्टरातलं नाव बदललंत तर उद्या हिचा दाखलाच खोटा म्हणतील. वडील घाबरले. त्या वस्तीत मुलीच्या नावाचा दाखला म्हणजे अप्रूप होतं. पोरगी शिवकन्याच राहिली, मॅट्रिक झाली आणि मास्तरीण व्हायचं म्हणून हट्ट धरून बसली.

जवळच्या सरकारी विद्यालयात जागा मिळाली नाही. कुणीतरी सांगितलं, बिदरच्या बाजूला एका संस्थेत बायांसाठी एक वर्षाचा शिक्षणक्रम आहे. निजामाच्या राज्यात हा सगळा एकच मुलूख. बिदर काय आणि जालना काय, आमच्या म्हाताऱ्यांना परकं वाटतच नव्हतं. पण तोवर भाषावार वेगळी राज्यं पडली होती, नकाशावर रेघ आली होती. बाई रेघेपलीकडे जाऊन वर्षभर शिकल्या, प्रमाणपत्र घेऊन रेघेअलीकडे आल्या आणि सदुसष्ट साली राजूरपासून पाच कोसांवरच्या एका गावात शाळेवर लागल्या. सहा वर्षं शिकवलं. त्यांच्या वर्गातली पोरं हिशेबात आडत्याला ऐकत नसत, असं त्या गावचे लोक सांगतात.

त्र्याहत्तर साली कचेरीतून पत्र आलं. आपण ज्या संस्थेचे प्रमाणपत्र सादर केले आहे ती संस्था या राज्याच्या यादीत नाही, सबब आपणांस अप्रशिक्षित समजण्यात येत आहे. दोन वर्षांच्या आत मान्यताप्राप्त विद्यालयातून प्रशिक्षण पूर्ण करा, नाहीतर सेवा समाप्त.

"रेघेच्या तिकडं मी मास्तरीण हाये आन् इकडं अडाणी," बाई म्हणायच्या. "एसटीत बसून हद्द वलांडली की मला येत असलेलं सगळं विसरतं म्हणा की."

त्याच सुमारास पेपरात आलं होतं की शिक्षकांच्या शिक्षणासाठी दिल्लीत एक राष्ट्रीय परिषद निघाली आहे. बाईंनी लगेच कार्ड टाकलं. साऱ्या देशात शिक्षक घडवणाऱ्या संस्थांना एकच माप लावा, एकदा मान्यता दिली की ती सगळीकडे चालू द्या, असं त्यांनी आपल्या गोल अक्षरात लिहिलं होतं. उत्तर आलं, पत्र पोचले. तेवढ्यावर या बाई महिनाभर खूश होत्या. मी चेष्टा करायचो, "काय बाई, दिल्ली काय म्हणती?" त्या म्हणायच्या, "हसा, हसा. एक दिस येतील बघा माप घेऊन."

तर अशा या सत्तावीस वर्षांच्या, घरी दोन वर्षांचं लेकरू सासूकडे टाकून आलेल्या बाई आमच्याकडे अठरा-अठरा वर्षांच्या पोरापोरींत येऊन बसल्या. बिनपगारी रजा. नवरा धर्मराज जालन्याला जिनिंगमध्ये कामाला, शनिवारी सायकल हाणत यायचा. आणि आमचं विद्यालय म्हणजे? आता कुणाला भ्यायचं. राजूरजवळ, रस्त्याच्या कडेला भाड्याच्या चार खोल्या. पाटी मोठी, आत खडखडाट. मान्यता तात्पुरती. दोन वर्षांनी समिती येणार, पाहणी करणार आणि कायम मान्यता दिली तरच चाळीस जणांची परीक्षा होणार. नाहीतर चाळिसांचाही कागद कोरा. बाईंचा तर दुसऱ्यांदा.

पंच्याहत्तरच्या फेब्रुवारीत समितीची तारीख आली आणि सगळ्यांच्या पायाला भिंगरी लागली. प्राचार्य तातेराव सर स्वभावानं वाईट नव्हते, पण घाबरट. घाबरट माणूस वाईट माणसापेक्षा जास्त घोटाळे करतो, हे मी स्वतःवरूनही सांगू शकतो. सर मला म्हणाले, "काकासाहेब, ग्रंथालयाचं काय?" आमच्या ग्रंथालयात एक कपाट होतं आणि त्यात माझा डबा. मग ओळखीच्या एका हायस्कूलची तीनशे पुस्तकं हळूहळू उचलून आणली. पहिलं पान आणि शेवटचं पान, दोन्हीवरचे त्यांचे शिक्के मी ब्लेडनं खरवडले आणि त्यावर आमचे मारले. पंधरा दिवस तेच करत होतो. बोटं जांभळी झाली होती.

दुसरी तयारी पाठाची. आमच्याकडे शिकणाऱ्यानं शेजारच्या प्राथमिक शाळेत जाऊन पाठ घ्यायचे असतात. पाठाच्या पायऱ्या ठरलेल्या. आधी प्रस्तावना, म्हणजे गोड गोड प्रश्न विचारून पोरांना विषयाजवळ आणायचं. मग हेतुकथन, म्हणजे "तर मुलांनो, आज आपण अमुक शिकू या" असं जाहीर करायचं. मग बाकीचं. समितीसमोर नमुना पाठ घ्यायला सरांनी शिवकन्याबाईंना निवडलं. दुसरं होतं कोण? बाकीची पोरं खडू हातात घेतला की थरथरायची. विषय ठरला, बियाणं कसं रुजतं. वर्ग चौथीचा. आणि सरांनी फर्मान काढलं की हाच पाठ याच वर्गावर रोज घ्या, चुकायला नको.

बाई अस्वस्थ होत्या. "सर, लेकरं वैतागली. हरभरा पुढं केला की खाऊन टाकतात."

"खाऊ द्या. पण उत्तरं बराबर आली पाह्यजेत," सर म्हणाले.

पंधरवड्यात तो पाठ अकरा वेळा झाला.

समिती आली ती नेमकी चतुर्थीला. तारखेच्या पत्राला होकार मी पाठवला होता आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं सुचलं नव्हतं. राजूरच्या गणपतीला चतुर्थी म्हणजे काय ते त्या भागातल्या माणसाला सांगायला नको. पहाटेपासून बैलगाड्या, सायकली, पायी माणसं, नारळवाले. जीप गर्दीत अडकली. दहाला येणार होते ते अकरापर्यंत पत्ता नाही. सर दर पाच मिनिटांनी फाटकापर्यंत जाऊन यायचे. मी तिसऱ्यांदा कपाट पुसलं. बाई व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होत्या, हातात भिजवलेल्या हरभऱ्याची वाटी. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "भाऊसाहेब, दिल्लीच्या एक बाई हायेत म्हणे त्यांच्यात. साऱ्या देशासाठी पाहणीचा एकच तक्ता करून राह्यले, तो तपासायला आल्यात. मी लिव्हलं व्हतं तेच की हो." त्यांचे डोळे नुसते चमकत होते. मी मान डोलावली. माझं लक्ष कपाटाकडे होतं.

समितीत तिघं. पुण्याचे दोन साहेब आणि त्या दिल्लीच्या बाई, मूळच्या नागपूरकडच्या, केस पांढरे, पायात कापडी बूट. साहेब लोक खुर्च्या मोजत बसले. दिल्लीच्या बाई सरळ ग्रंथालयात आल्या. एक पुस्तक काढलं. पहिलं पान बघितलं नाही, शेवटचंही नाही. थेट एकविसावं पान उघडलं. तिथं हायस्कूलचा गोल शिक्का, टवटवीत. दुसरं पुस्तक काढलं, पान एकवीस. तिसरं काढलं, पान एकवीस.

प्रत्येक जुनं ग्रंथालय आतल्या एका ठरलेल्या पानावर एक जादा शिक्का मारून ठेवतं, चोर सापडावा म्हणून. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दिल्लीच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि तक्त्यावर दोन ओळी लिहिल्या. त्या घटकेलाच मला कळलं होतं की आपलं विद्यालय गेलं. साडेअकरा वाजले होते, आणि नमुना पाठ बाराला होता. हा क्रम ध्यानात ठेवा.

बाराला चौथीचा वर्ग. मागच्या बाकावर समिती, दारात सर आणि मी. शिवकन्याबाईंनी वाटी पुढं धरली आणि विचारलं, "मुलांनो, हे काय आहे?"

"भिजवलेला हरभरा!" अख्खा वर्ग ओरडला. आणि पुढचा प्रश्न यायच्या आत, "त्याला कोंब फुटला आहे! कोंब म्हणजे मोड! त्याला पाणी, हवा आणि ऊब लागते!" तीन प्रश्नांची तीन उत्तरं एका दमात. तेवढ्यात पहिल्या रांगेतली बेबीनंदा नावाची चिमुरडी उभी राहिली आणि मोठ्या मायेनं म्हणाली, "बाई, तुमचं हेतुकथन राह्यलं."

पुण्याचा एक साहेब फसकन हसला. सर भिंतीला टेकले. मी बाईंकडे पाहत होतो. एक क्षण वाटलं, सावरतील, हेतुकथन करतील, रेटून नेतील. तसं केलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी वाटी टेबलावर ठेवली आणि मागे बघून म्हणाल्या, "साहेब, ह्या लेकरांनी हा पाठ अकरा वेळा ऐकलाय. ह्यात त्यांना शिकायचं काईच राह्यलं न्हाई. मला दुसरा घेऊ द्या."

दिल्लीच्या बाई म्हणाल्या, "घ्या."

पाठाचं टाचण नाही, दाखवायला चित्र नाही. बाईंनी पोरांना उठवलं आणि रस्त्याकडेच्या कुंपणाशी नेऊन उभं केलं. समोरून माणसांची रीघ चाललेली. "आज देवळाला किती माणसं आली असतील?" पोरं म्हणाली, लाख. कुणी म्हणालं, करोड. "मोजायचं कसं?" पोरं गप्प. खरी गप्प, शिकवलेली नव्हे. एकजण म्हणाला, उभं राहून मोजू. "दिसभर? भूक न्हाई लागायची?" मग बेबीनंदाच म्हणाली, "बाई, थोडा वेळ मोजू आन् मंग वाढवू." थोडा वेळ म्हणजे किती? घड्याळ कुणाकडे होतं? त्यांनी आपसात भांडून ठरवलं, अर्ध्यांनी एकोणतीसचा पाढा म्हणायचा, संथ, आणि पाढा संपेपर्यंत अर्ध्यांनी माणसं मोजायची. चौदा माणसं भरली. त्या शाळेच्या हेडमास्तरांच्या घड्याळावर पाढ्याला अर्धं मिनिट लागलं. मिनिटाला अठ्ठावीस, तासाला सोळाशे ऐंशी. पोरं नाचायला लागली.

"चुकलं!" एक पोरगी ओरडली. "परतणारी बी मोजलीत आपण!" दुसरी म्हणाली, "सकाळी जास्ती व्हती, आता कमी हायेत." बाई म्हणाल्या, "मंग आपलं उत्तर चूक हाये. आता दुरुस्त कसं करायचं?" आणि पुन्हा भांडण सुरू. गणपतीला नमस्कार न करणारी बाई गणपतीच्या भक्तांची शिरगणती करत होती आणि तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही. मीही मनातल्या मनात परतणारी माणसं वजा करत होतो. तेवढा वेळ मी एकविसावं पान विसरलो, खरं सांगतो.

दिल्लीच्या बाईंच्या मांडीवर तक्ता तसाच होता. प्रस्तावना, हेतुकथन, सगळे रकाने रिकामे. जाताना त्या शिवकन्याबाईंना म्हणाल्या, "ह्यात तुम्हाला कुठं बसवू तेच कळत नाहीये." बाईंनी उत्तर दिलं, "रकाना वाढवा की मंग."

एप्रिलमध्ये अहवाल आला. मान्यता नाकारली. कारणं चार. पहिलं, ग्रंथालयातली पुस्तकं दुसऱ्या संस्थेची असून शिक्के खरवडलेले. दुसरं, अध्यापक अपुरे. तिसरं, इमारत अयोग्य. चौथं, सराव शाळेतल्या मुलांकडून पाठ घोकून घेतल्याचे निदर्शनास आले. आणि खाली वेगळा परिच्छेद, शिवकन्याबाईंच्या दुसऱ्या पाठाचा. इतकं उत्तम अध्यापन पाहणीत इतरत्र आढळले नाही, असं त्यात होतं.

सरांनी मला बोलावलं. "काकासाहेब, बोर्डावर चौथं कारण तेवढं लावा. पुस्तकांचं बाहेर गेलं तर तुम्ही बी जाल आन् मी बी जाईन." मी टाईप केलं. चौथं कारण तेवढं. खालचा परिच्छेदही गाळला, कारण तो ठेवला तर चौथ्या कारणाचं काय, असं कुणी विचारलं असतं.

बोर्डासमोर चाळीस जण जमले. आणि मग जे व्हायचं ते झालं. "अकरा वेळा म्हणून सांगायला हिला कुणी सांगितलं व्हतं? हिच्या तोंडानं आपलं वाटोळं केलं." पोरी रडत होत्या. एकानं बाईंच्या वहीवर शाई ओतली. एकजण त्यांची जात काढून बोलला, ते मी इथं लिहीत नाही. बाई बोर्ड वाचून माझ्या खिडकीपाशी आल्या. त्या दिवशी मात्र येरझारा नव्हत्या, दोन्ही हात खिडकीच्या गजांवर ठेवून उभ्या राहिल्या. "एवढंच कारण हाये का, भाऊसाहेब?"

मी म्हणालो, "एवढंच."

त्यांची नोकरी गेली. विद्यालय बंद पडलं. मी शहाणा, मला वर्षाच्या आत जालन्यातल्या दुसऱ्या, चांगल्या मान्यतेच्या विद्यालयात जागा मिळाली. पोटापाण्याचं नीट झालं, पण मनाला कीड लागली. मूळ अहवालाची कार्बन प्रत मी घरी नेली होती, ट्रंकेत कपड्यांखाली. कपडे काढताना ती दिसायची, म्हणून मी ट्रंक उघडायचंच टाळायचो. बायको म्हणायची, अहो, एकच सदरा किती दिवस घालता?

अठ्ठ्याहत्तर साली आमच्या नव्या प्राचार्यांना दिल्लीहून पत्र आलं, विद्यार्थ्यांना अमुक गावच्या शाळेत गणिताचं अध्यापन बघायला पाठवा. गाव वाचलं, ते शिवकन्याबाईंच्या जुन्या शाळेचंच. त्या गावच्या लोकांनी कचेरीत हेलपाटे घालून बाईंना परत आणलं होतं, पण अप्रशिक्षित म्हणून, हंगामी. दर एप्रिलमध्ये कमी करायचं, दर जूनमध्ये घ्यायचं. आमच्या पंचवीस पोरांबरोबर हजेरीपट घेऊन मला जावं लागलं.

बाईंनी तासभर शिकवलं. आमची पोरं वह्या भरभरून लिहीत होती. शेवटी मी नोंदवही उघडली. रकाना होता, मार्गदर्शक शिक्षिकेची पात्रता. माझा पेन अडला.

"लिव्हा की," बाई म्हणाल्या. "अप्रशिक्षित."

पोरं बाहेर गेल्यावर मी पिशवीतून ती प्रत काढली आणि त्यांच्यापुढं ठेवली. सगळं सांगितलं. ब्लेड, शिक्के, साडेअकरा वाजलेले, बोर्ड. बाईंनी पूर्ण वाचलं. खालच्या परिच्छेदाशी त्यांचं बोट थांबलं, तिथं त्यांनी पदर तोंडाला लावला. तो त्यांना ठाऊक नव्हता.

"आन् पुस्तकांचं मला पयल्याच आठवड्यात ठाऊक झालं व्हतं," त्या म्हणाल्या. "पान एकवीस. अभ्यासाला नेलं व्हतं ना मी पुस्तक."

"मंग तुम्ही त्या दिवशी बोलल्या का न्हाई बाई?"

"बोलून काय? आपलं पाप दुसऱ्याच्या गळ्यात घालती म्हणले असते. माझ्या शब्दाला कुठं मान्यता हाये, भाऊसाहेब? तुमच्या हाये. तुम्ही बोलसाल म्हणून वाट बघून राह्यले व्हते. खिडकीपाशी आल्ते ती त्याच्यासाठीच."

मी हात जोडले. त्यांना एकदम राग आला. "मला हात जोडून काय उपेग? मला तर ठाऊकच व्हतं. त्या एकोणचाळीस जणांना सांगा. पत्ते तुमच्याकडं असतील."

होते. कारकुनाकडे पत्ते असतातच. दुसऱ्या दिवशी एकोणचाळीस कार्डं आणली. "पुस्तकांवरचे शिक्के मी खरवडले होते. विद्यालय त्यामुळे बुडाले, शिवकन्याबाईंमुळे नव्हे." पहिल्या कार्डाला अर्धा तास लागला. पाचव्याला दहा मिनिटं. नवव्या-दहाव्या कार्डापर्यंत वाक्य तोंडपाठ झालं, न बघता भराभर उतरायला लागलं, आणि मला भिजवलेल्या हरभऱ्याची वाटी आठवली. हात थांबला. ती दहाही कार्डं फाडली, नवी आणली. मग प्रत्येकाला वेगळं लिहिलं, त्याचा चेहरा आठवून, त्या दिवशी बोर्डासमोर तो काय बोलला होता ते आठवून. ज्यानं शाई ओतली होती त्याला सर्वांत शेवटी.

आठ दिवस लागले. कार्डं पेटीत टाकून आलो आणि ट्रंकेतला दुसरा सदरा काढला.